नमुन्याचे जोड

बांगने मोपेडच्या टाकीचं झाकण उघडलं, नाक आत खुपसून हुंगून पाहिलं, फडक्याने ती तिसऱ्यांदा पुसली आणि नरसाळं लावून आत साखर ओतायला सुरुवात केली. टाकी भरत आली तशा त्याने मोपेडच्या पोटावर दोन हलक्या थपडा मारल्या, मांडीवरचं पोर निजवताना मारतात तशा. साखर खाली बसली. आणखी एक वाटी मावली.

"काका, या साखरेला पेट्रोलचा वास नाही ना येणार?" मोपेडचा मालक तुयेन काळजीने म्हणाला.

"येणार की."

"मग हो?"

"मग काय? तुझ्या सासूने कधी जर्मन साखर खाल्लीय? तिला वाटेल, ही अशीच असते."

पूर्व जर्मनीतल्या लिख्टेनबर्गच्या त्या दहा मजली इमारतीत शिवणकारखान्याचे व्हिएतनामी कामगार राहत आणि त्यांच्या पेट्या भरायच्या त्या बांगनेच. करार संपवून मायदेशी निघणाऱ्याला एक लाकडी पेटी जहाजाने पाठवता येई, पुरुषभर लांब आणि छातीएवढी उंच. एवढ्या जागेत पाच वर्षांची कमाई कोंबायची. दुसऱ्या कोणी भरली तर दोन सायकली, एक शिलाई मशीन आणि साबणाच्या वड्या, की संपली पेटी. बांगने भरली तर तिच्यात दोन मोपेड, पाच सायकली, मशीनच्या पोकळीत लोकरीचे गुंडे, सायकलींच्या नळ्यांत सुया आणि घंटीच्या वाटीत बटणं. तरुणपणी युद्धात ट्रुओंगसोनच्या डोंगरात त्याने सायकलवर दारूगोळा लादून रानवाटा तुडवल्या होत्या. जागा कुठे लपून बसते ते तिथे कळलं, असं तो म्हणे. त्याची एक पेटी हायफाँग बंदरात उघडली तेव्हा झाकण असं उसळलं की कस्टमवाल्याची टोपी घेऊन थेट समुद्रात पडलं. थायबिन्हच्या एका घरात तर पेटीतून निघालेलं सामान मावेना, शेवटी म्हाताऱ्या सासऱ्याने अंगणात बाज टाकली. या गोष्टी खऱ्या की खोट्या हे विचारायला हायफाँगला जे गेले ते काही परत आले नाहीत, तेव्हा खऱ्याच धरायच्या.

त्या सप्टेंबरात बांगला मान वर करायला फुरसत नव्हती. भिंत पडून वर्ष होत आलं होतं. कारखान्याला कुलूप लागलं होतं. कामगारांना विमानाचं तिकीट आणि हातखर्च देऊन वाटेला लावत होते, आणि ज्या सरकारने त्यांना बोलावून आणलं त्या सरकारचीच पेटी भरायची वेळ आली होती. चार दिवसांनी तो देश दुसऱ्या देशात विरघळणार होता. बांगची स्वतःची पेटी कधीच समुद्राला लागली होती. त्याचं विमान मंगळवारी होतं.

माणूस सरळ, पण एक खोड होती. चौकसपणा. कोण काय नेतंय हे पाहिल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, आणि पेटीवरून त्याला माणूस कळे. नवऱ्यासाठी घड्याळ नेणारी बाई ते कापडाच्या तळाशी ठेवते की वर, यावरून तो संसार ओळखी. आणि जो परत जाणार त्याची पेटी एक बोलते, जो नुसती पेटी पाठवणार त्याची दुसरं बोलते, हेही त्याला कळू लागलं होतं. जाणारा विकायचा माल भरतो. न जाणारा माणसं भरतो: ही आईची पिशवी, हा भावाचा डबा, हे धाकटीचं.

हे कळतं अशी फुशारकी त्याने एकदा स्वयंपाकघरात डुकराचे पाय उकळताना मारली होती, आणि ती नको त्या कानावर गेली.

तो कान ख्वातचा. ख्वात म्हणजे पथकप्रमुख. कामगारांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात, पेटीच्या यादीवर सही त्याची. त्याच्या सहीशिवाय पेटी गाडीत चढत नसे.

"बांगदादा," तो त्या दुपारी जिन्यात अडवून म्हणाला, "कोण कोण इथेच राहणार आहे, जरा पेट्यांकडे बघून सांगा की."

"सांगतो ना. तिसऱ्या मजल्यावरचा उंदीर राहणार आहे. त्याने पेटी केलेलीच नाही."

"चेष्टा नको. आपल्या वकिलातीने नावं मागितलीयत. चर्चमधल्या त्या बुधवारच्या सभेला कोण जातं, मला माहीत हवं. त्यांची पेटी मी अडवणार. आणि नावं जातील त्यांच्या त्यांच्या गावी. घरची माणसं सरकारी नोकरीत असतील, तर विचारतील त्यांना."

बुधवारची सभा बायकांनी सुरू केली होती. दोन वर्षांपूर्वी आठव्या मजल्यावरच्या होई नावाच्या पोरीला दिवस गेले. कराराप्रमाणे तिच्यापुढे दोनच वाटा होत्या: पोट रिकामं करा नाहीतर परत जा. तिने पोट राखलं, आणि आठवड्याच्या आत तिला विमानात बसवलं. तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. आता तोंडावरचा हात निघाला होता. एका पाद्र्याने खोली आणि टाइपरायटर दिला होता, आणि जर्मन भाषेतला एक अर्ज राहू पाहणाऱ्यांत गुपचूप फिरत होता. मागण्या दोनच. आम्हाला इथे राहू द्या. आमची मुलं इथे आणू द्या.

हा अर्ज कोण फिरवतं हे बांगला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्यामुळे त्याचे दोन दिवस फार वाईट गेले होते.

तुयेनची पेटी ठोकून तो हात पुसतोय तोच थोआ आली. बाही जोडणाऱ्या रांगेतली, तिशीला टेकलेली, कमी बोलणारी. मागे दोघा जणांनी तिचं सामान आणून ठेवलं आणि ते निघून गेले.

"काका, गाडी उद्या सकाळी येतेय. माझी पेटी राहिलीय."

"तुझी? मला तर वाटलं, तू पेटी करणारच नाहीस."

"का?"

"लोक म्हणतात."

"लोक म्हणतात, तुम्ही पेटीत हत्ती बसवता."

"उगाच काहीतरी. हत्ती नाही, पिल्लू. तेसुद्धा सोंड वेगळी बांधून."

थोआ हसली नाही. बांगने मनात नोंद केली.

तो सामान लावू लागला. एक सायकल. तिची चाकं काढून त्याने बाजूच्या फळीला लावली. एक शिलाई मशीन. निळ्या पुठ्ठ्यात तापाची औषधं, वर चिठ्ठी: आई. एका डब्यात चष्म्याच्या काचा, पेनं आणि खडूच्या पेट्या. हा भाऊ, नामदिन्हच्या शाळेत मास्तर. बांगचे हात चालू होते आणि डोळे त्यांच्या पुढे धावत होते. विकायचं काहीच नाही. साखरसुद्धा घरापुरती.

मग तिने शेवटचं खोकं पुढे सरकवलं. त्यात लहान मुलीचे बूट होते. तपकिरी चामड्याचे, आडव्या पट्ट्याचे, बाजूला पितळी बक्कल. पश्चिमेचा माल आल्यापासून इथल्या बुटांना कोणी विचारत नव्हतं, दुकानदार टोपल्यांत घालून फुटपाथवर मांडून बसले होते. बांगने एक जोड काढला, दुसरा काढला, आणि सवयीने ते लहानापासून मोठ्यापर्यंत जमिनीवर मांडत गेला. अकरा जोड. एकाच घडणीचे. सगळ्यात लहान त्याच्या तळहातावर मावत होता. सगळ्यात मोठा थोआच्या स्वतःच्या पायाला झाला असता.

तो उकिडवा बसून त्या रांगेकडे बघत राहिला. जणू कोणी मुलगी दारातून चालत आली होती आणि चालता चालता बाई होऊन खिडकीपाशी पोचली होती.

"मीत केवढी आता?" त्याने विचारलं. मीत म्हणजे फणस. थोआच्या मुलीचं घरातलं नाव.

"पाचवं लागलं. मी निघाले तेव्हा दीड वर्षाची होती." तिने खिशातून घड्या घातलेले तीन कागद काढले. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेलं एक पाऊल. "आई दर वर्षी टेटच्या सणाला पाठवते. वर्षाला अर्धं बोट वाढतो पाय. त्यावरून मापं काढली."

"पाच ते पंधरा."

"हो."

"आणि सोळाव्या वर्षी?"

"सोळाव्या वर्षी तिचे ती घेईल."

बांगने कान खाजवला. प्रश्न त्याच्या जिभेवर मुंगीसारखा फिरत होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"त्या बुधवारच्या अर्जात म्हणे लिहिलंय, आमची मुलं इथे आणू द्या."

थोआने दाराकडे पाहिलं. मग कोटाच्या आत हात घालून एक कागद अर्धा वर काढला, एवढाच की सह्यांच्या ओळी दिसाव्यात, आणि परत आत सरकवला.

"अगं बाई! म्हणजे तूच," बांग म्हणाला. त्याला एकदम बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली. "मग हे काय? तिकडे लिहितेस पोरीला आणू द्या, आणि इकडे पंधराव्या वर्षापर्यंतचे बूट धाडतेस. भरवसा नाही होय तुझा कागदावर?"

"आहे ना. नसता तर दहा मजले चढले असते का सह्यांसाठी? पण कागद त्याच्या चालीने चालतो, काका. पाय थांबतात का कोणासाठी? माझ्या भरवशापायी पोरीला अनवाणी ठेवू?"

बांगने सगळ्यात लहान जोड उचलून पेटीच्या तळाशी नेला.

"लहान वर ठेवा," थोआ म्हणाली. "आईला वाचता येत नाही. एकेक काढत जाईल."

मशीन आणि चाकं यांच्यामधल्या लांब फटीत त्याने अकरा जोड एका रांगेत उभे बसवले. फट जणू त्यांच्यासाठीच राखलेली. झाकण ठेवायला तो उठला आणि ख्वात आत आला. काखेत वही, कानावर पेन.

"बंद करू नका, बांगदादा. आधी मी बघतो."

तो पेटीवर वाकला. औषधं पाहिली, खडू पाहिले, एक चष्म्याची काच डोळ्याला लावून पाहिली. थोआ भिंतीला टेकून उभी होती. तिचा एक हात कोटाच्या वरच्या बटणावर होता. मग ख्वातची नजर त्या रांगेवर गेली आणि तिथेच बसली.

"यादीत नुसतं 'बूट' लिहिलंय."

"बूटच आहेत," बांग म्हणाला.

"एका पोरीला अकरा जोड?" ख्वातने एक जोड काढला, मग दुसरा, मापं डोळ्यांनी जोखली. माणूस मूर्ख नव्हता. "विकायचे म्हणावं, तर एका मापाचा एकच. आणि सगळे चढत्या मापाचे. थोआ, तू परत जाणार आहेस ना गं?"

थोआने तोंड उघडलं, पण शब्द आला तो बांगचा.

"हात्तिच्या! ख्वातभाऊ, तुम्हालाही कळलं नाही? मग झालं तर. हायफाँगलाही कुणाला कळायचं नाही." तो मोठ्याने हसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नमुने आहेत ते."

"कसले नमुने?"

"हिच्या मामाचं गाव चांभारांचं. अख्खं गाव बूट शिवतं, पण बैलाच्या खुरासारखे. आता हे जोड गेले की मामा एकेक उसवणार. चामड्याचा कागदावर छाप घेणार, लाकडाचे साचे कोरणार. प्रत्येक मापाचा एक नमुना पुरे, दोन कशाला हवेत? वर्षभरात बघा, हनोईच्या हांगझाऊ गल्लीत सगळीकडे जर्मन बूट. शिक्कासुद्धा जर्मन. मी तर म्हटलं हिला, तुमच्या गावाचं नाव बदलून लाइपझिग करा."

ख्वातचा चेहरा सैल होत गेला. नकला करून पैसा उभा करणं त्याला समजत होतं, इमारतीतल्या निम्म्या लोकांनी रात्री जीन्स शिवून हेच तर केलं होतं.

"अरे वा!" तो थोआला म्हणाला. "तू तर पोचलेली निघालीस. आणि मला लोक काय काय सांगत होते."

"लोकांचं काय," थोआ म्हणाली.

ख्वातने कानावरचं पेन काढलं, वही पेटीच्या कडेवर टेकवली आणि सही करता करता थांबला. त्याने रांगेतून मधला एक जोड उचलला आणि त्यावर वीत लावली. एक वीत आणि वर एक बोट.

"माझी धाकटी नऊची आहे. अगदी एवढाच पाय." तो बुटाच्या बकलशी खेळत होता. पथकप्रमुखाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "पाच वर्षांत मी तिला घालायला काही नेलं नाही. सगळं विकायचंच नेलं. हा घेऊ? एक नमुना कमी पडला तर मामांचं काय अडतंय? अलीकडचं माप आहे, पलीकडचं आहे. मधलं काढतील अंदाजाने."

बांगच्या गोष्टीत हे भोक होतं आणि ते त्याला आता दिसलं.

"घ्या ना," थोआ म्हणाली. ती पुढे आली, तिने जोड त्याच्या हातातून घेतला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळला, दोरा बांधला आणि दोन्ही हातांनी परत दिला. "आवडतील तिला. सुरुवातीला टाचेला लागतील. थोडं तेल लावायला सांगा."

ख्वातने सही केली. जाताना दारात वळून म्हणाला, "भाग्य काढलंस पोरी, असा मामा मिळाला."

त्याची पावलं जिन्यात विरली. मग बांगने स्वतःच्या तोंडावर हळूच चापट मारली.

"या तोंडाने केलं. साधं सांगायचं होतं, मैत्रिणींच्या पोरींना वाटायचेत. नाही! आम्हाला गाव पाहिजे, मामा पाहिजे, लाइपझिग पाहिजे."

"तुमच्यामुळे सही झाली, काका."

"दुकान सहापर्यंत उघडं असतं. असा जातो आणि असा घेऊन येतो. कोणतं माप होतं, तेहतीस?"

थोआ पेटीवर वाकली होती. रांगेत वर चार जोड होते, खाली सहा, आणि मध्ये एक जागा. तिने त्या जागेत हात घातला. मनगटापर्यंत गेला.

"नको," ती म्हणाली.

"अगं, पाच मिनिटांचं काम."

"राहू दे तसंच."

"बरं, मग साबणाच्या वड्या देतो घालून. जागा मोकळी ठेवून नाही चालत, पोरी. महिनाभर समुद्रात हेलकावे. वरचे खाली येतील, बकलं चाकांवर आपटतील. पेटी वाजत जाईल हायफाँगपर्यंत."

"आईला कळायला हवं, इथे एक वर्ष मोकळं आहे. त्या वर्षीचे बूट पोरीच्या पायात मी घालीन."

बांगने तिच्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही. तो खाली बसला, एक पातळ फळी शोधली, ती दोन तुकड्यांत कापली आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना आडवी ठोकली, वरचे वर राहावेत आणि खालचे खाली. मधे जोडभर जागा तशीच राहिली. फळी किंचित ढिली बसली. आणखी एक खिळा मारला असता तर घट्ट झाली असती. हातोडी हातात घेऊन तो थोडा वेळ थांबला, मग ती त्याने पिशवीत टाकली.

सकाळी गाडी आली. धुकं होतं. इमारतीतली निम्मी माणसं पायऱ्यांवर उभी होती, कोणी चहाचे पेले घेऊन, कोणी झोपेतून उठून तसंच. थोआ सगळ्यांच्या मागे उभी होती, कोट गळ्यापर्यंत बंद. एकेक पेटी चार चार जण उचलून चढवत होते आणि ख्वात वहीत खुणा करत होता. थोआच्या पेटीची पाळी आली. गडी पायऱ्या उतरू लागले तशी आतून आवाज आला. टक. दुसऱ्या पायरीला पुन्हा, टक टक.

ख्वातने मान वर केली. "थांबा, थांबा. बांगदादा, आत काय वाजतंय?"

सगळे बांगकडे बघू लागले. तुयेन तर तोंड उघडं टाकून बघत होता.

"एखादी फळी ढिली राहिली असेल," बांग म्हणाला.

"तुमच्या पेटीत ढिली फळी?" पायऱ्यांवर खसखस पिकली. "म्हातारे झालात हो. खाली ठेवा रे ती. उघडून एक खिळा मारू देत."

गड्यांनी पेटी टेकवायला गुडघे वाकवले. थोआचा हात बटणावर गेला.

"झालो म्हातारा," बांग म्हणाला. "सही झालेली पेटी उघडायची म्हणजे तुम्हाला पुन्हा सगळी यादी लिहावी लागेल, भाऊ. मागे अजून सोळा पेट्या आहेत. वाजते तर वाजू द्या की, कोणाच्या कानाला लागतेय?"

ख्वातने मागच्या पेट्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हात हलवला. पेटी गाडीत चढली.

गाडी निघाली. इमारतीसमोरचा रस्ता दगडी होता, आणि चाकं त्यावर उड्या मारत वळणापर्यंत गेली तोवर आतला आवाज येत होता. लोक पांगले. थोआ मात्र मान जरा तिरकी करून तिथेच उभी राहिली, दुसऱ्या कोणाला ऐकू येत नसलं तरी.